जानेवारीत पंखा, मार्चमध्ये गोधडी: इम्युनोथेरपी चालू असलेल्या घरासाठी

ऐरोलीत थंडी अशी पडतच नाही, पण जानेवारीत पहाटे खाडीवरून वारा येतो तेव्हा पंखा दोनवर पुरतो. त्या वर्षी आईने तो पाचवर ठेवला आणि तरीही "हवाच लागत नाही रे" म्हणत खिडकीपाशी जाऊन बसली. फुप्फुसाच्या कॅन्सरसाठी तिला इम्युनोथेरपीचे दोन डोस झाले होते. हात थरथरत होते, छातीत धडधडत होतं. आम्ही म्हणालो, टेन्शन आहे. मार्चमध्ये आम्हा सगळ्यांना घामाच्या धारा लागलेल्या असताना तीच बाई गोधडी घेऊन झोपू लागली. आम्ही म्हणालो, अशक्तपणा आहे. दोन्ही वेळा खरं उत्तर दोन चमचे रक्तात होतं आणि दोन्ही वेळा आम्ही उशिरा पोचलो.

मी डॉक्टर नाही, आईची फाइल सांभाळणारा मुलगा आहे. औषध कोणतं आणि किती, हे तुमचे डॉक्टरच सांगतील. पण डॉक्टर तीन आठवड्यांतून एकदा दहा मिनिटं भेटतात, उरलेले वीस दिवस पेशंट आपल्याजवळ असतो. त्या वीस दिवसांत काय बघायचं, कधी फोन करायचा आणि कधी फोन न करता थेट गाडी काढायची, एवढंच इथे लिहितो.

हे औषध करतं काय

किमो पेशी मारते. इम्युनोथेरपी स्वतः काहीच मारत नाही. शरीराच्या प्रतिकारशक्तीला ब्रेक असतात, नाहीतर ती आपल्याच अवयवांवर धावून जाईल. कॅन्सर हाच ब्रेक दाबून धरतो आणि निवांत वाढतो. औषध त्या ब्रेकवरचा पाय काढतं. ही यंत्रणा शोधल्याबद्दल जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८ चं वैद्यकातलं नोबेल मिळालं. या जातीचं पहिलं औषध, इपिलिमुमॅब, अमेरिकेत २०११ मध्ये मंजूर झालं. आपल्याकडे ओपीडीत जास्त ऐकू येणारी नावं म्हणजे निवोलुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅब, ॲटेझोलिझुमॅब, ड्युर्वालुमॅब.

ब्रेक सुटला की गाडी कधी कधी भलत्याच गल्लीत शिरते. हार्मोन बनवणाऱ्या ग्रंथी तिच्या वाटेत सापडतात: गळ्यातली थायरॉईड, मेंदूच्या तळाशी असलेली वाटाण्याएवढी पिट्युटरी, दोन्ही किडन्यांवर टोपीसारख्या बसलेल्या ॲड्रिनल आणि इन्सुलिन बनवणारं स्वादुपिंड. जुलाब किंवा फुप्फुसाची सूज आली तर मोठ्या डोसची स्टेरॉइड देऊन ती उतरवता येते. ग्रंथींचं तसं नाही. त्या एकदा जळल्या की बहुतेक वेळा कायमच्या जातात, मोठ्या स्टेरॉइडनेही परत येत नाहीत. मात्र त्यांचं हार्मोन बाहेरून देता येतं आणि ते नीट बसलं की कॅन्सरचा उपचार सहसा पुढे चालू राहतो. बंद पडलेल्या ग्रंथीची गोळी मिळते. हे वाक्य मला पहिल्या दिवशी कुणी सांगितलं असतं तर चार रात्री झोप लागली असती.

तोंडाच्या कॅन्सरचे बरेच पेशंट निवोलुमॅबच्या छोट्या डोसवर असतात. परळच्या टाटा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम, म्हणजे नेहमीच्या डोसच्या दहाव्या भागाहूनही कमी, देऊन त्याचा फायदा दाखवला आणि हा उपचार पुष्कळ लोकांच्या आवाक्यात आला. डोस लहान म्हणून खाली सांगितलेल्या तपासण्या टाळू नका.

पहिल्या डोसच्या आधी

फाइलच्या पहिल्या पानावर औषधाचं मूळ नाव मोठ्या अक्षरात लिहा, कंपनीचं नाही. नावावरून धोका बदलतो. इपिलिमुमॅबमध्ये पिट्युटरीला सूज येण्याचं प्रमाण जास्त, निवोलुमॅब आणि पेम्ब्रोलिझुमॅबमध्ये थायरॉईडचा त्रास जास्त, आणि इपिलिमुमॅब व निवोलुमॅब जोडीने दिले तर सगळंच जास्त.

मग पाया भरून घ्या: टीएसएच (पिट्युटरी थायरॉईडला पाठवते तो निरोप) आणि फ्री टी-४ (थायरॉईडचं स्वतःचं हार्मोन), उपाशीपोटीची शुगर आणि एचबीए१सी (तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी), सोडियम-पोटॅशियम, आणि शक्य असेल तर सकाळचं कॉर्टिसॉल (ॲड्रिनलचं हार्मोन). नंतर आकडा बिघडला तर तो आधीपासूनच तसा होता की आत्ता झाला, हे याच रिपोर्टवरून कळतं. आईचं कॉर्टिसॉल आम्ही आधी केलं नव्हतं. पुढे ते महागात पडलं.

सकाळचं कॉर्टिसॉल म्हणजे आठच्या सुमारासच. हे हार्मोन पहाटे चढतं आणि दिवसभर उतरत जातं, त्यामुळे उशिरा काढलेल्या रक्ताचा आकडा कशाशी ताडायचा ते कळत नाही. घरी रक्त न्यायला येणारा मुलगा आमच्याकडे रविवारी पावणेअकराला उगवला. "दादा, सकाळपासून नऊ घरं झाली," म्हणाला. त्याचंही खरं होतं, पण ते सॅम्पल वाया गेलं. तेव्हा बुकिंग करतानाच वेळ बजावून सांगा, नाहीतर सरळ लॅबमध्ये जाऊन बसा. पेशंटला उलटीसाठी किंवा मेंदूच्या सुजेसाठी डेक्सामेथासोन चालू असेल, संधिवाताची किंवा दम्याची स्टेरॉइड चालू असेल तर तेही आधी सांगा, कारण त्यानेही कॉर्टिसॉल खाली दिसतं. केसांसाठी बायोटिनची गोळी घेत असाल तर थायरॉईडच्या तपासणीआधी दोन-तीन दिवस बंद ठेवा; तिच्यामुळे काही मशीनवर आकडे चुकतात.

मधुमेह आधीपासून असेल तर चालू गोळ्यांची यादी ऑन्कॉलॉजिस्टना, म्हणजे कॅन्सरच्या डॉक्टरांना, दाखवा, विशेषतः डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन असेल तर. का ते शुगरच्या भागात येईल.

पहिले तीन महिने: थायरॉईड

थायरॉईडचा त्रास सगळ्यांत जास्त दिसतो आणि त्याचा डाव ठरलेला असतो. साधारण चार ते बारा आठवड्यांच्या दरम्यान ग्रंथीला सूज येते, साठवलेलं हार्मोन एकदम रक्तात सांडतं. धडधड, घाम, थरथर, वजन उतरणं, चिडचिड. हा आमचा जानेवारीतला पंखा. काही आठवड्यांत साठा संपतो आणि ग्रंथी रिकामी पडते. मग थंडी वाजणं, सुस्ती, बद्धकोष्ठ, चेहऱ्यावर सूज, आवाज जड होणं, कोलेस्टेरॉल वाढणं. ही मार्चमधली गोधडी.

काही जणांना पहिला टप्पा कळतही नाही. म्हणून दर सायकलच्या, म्हणजे डोसच्या प्रत्येक फेरीच्या, आधी, निदान चार ते सहा आठवड्यांनी, टीएसएच आणि फ्री टी-४ दोन्ही करायचं. नुसतं टीएसएच पुरत नाही, हे ठासून सांगतो. पिट्युटरी बिघडली असेल तर टीएसएच "नॉर्मल" दिसतं आणि फ्री टी-४ मात्र तळाला गेलेलं असतं. लॅबच्या पॅकेजमध्ये बरेचदा साधं टी-३, टी-४, टीएसएच असतं. फ्री टी-४ वेगळं मागावं लागतं.

धडधडीच्या टप्प्यात डॉक्टर बहुतेक वेळा नाडी शांत करणारी प्रोप्रॅनोलॉलसारखी गोळी तेवढ्यापुरती देतात (दमा असेल तर आधी सांगा). थायरॉईड दाबणारी गोळी इथे सहसा उपयोगाची नसते, कारण ग्रंथी जास्त बनवत नाहीये, सांडतेय. दुसऱ्या टप्प्यात लेव्होथायरॉक्सिन सुरू होतं. तरुण, धडधाकट माणसाला वजनाच्या हिशेबाने पूर्ण डोस देतात. वय झालेलं असेल किंवा हृदयाचा त्रास असेल तर २५-५० मायक्रोग्रॅमपासून हळूहळू.

आमच्या घरात खरी लढाई गोळीची नव्हती, चहाची होती. आई साडेपाचला उठते आणि दूधवाला यायच्या आत तिचा पहिला चहा झालेला असतो. पन्नास वर्षांची सवय. ही गोळी घ्यायची उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर, आणि पुढे अर्धा-पाऊण तास काही नाही. पंधरा दिवस ती गोळी चहाबरोबर गिळत होती आणि आम्हाला सांगत होती "घेतली की". शेवटी गोळी आणि तांब्या उशाशी ठेवला. रात्री तीन-चारला बाथरूमला उठते तेव्हा घेते, साडेपाचचा चहा शाबूत. कॅल्शियमची आणि लोहाची गोळी हिच्यापासून चार तास लांब. डोस बदलला की सहा आठवडे थांबून मगच टीएसएच. आधी केलं तर आकडा स्थिर झालेला नसतो.

थकवा: इथे थांबून वाचा

कॅन्सरच्या घरात थकवा म्हणजे भिंतीवरचं घड्याळ, कुणी वर बघत नाही. आणि सगळ्यांत घातक बिघाड नेमका थकव्याच्याच वेषात येतो.

पिट्युटरी ग्रंथी ॲड्रिनलला निरोप पाठवते, मग ॲड्रिनल कॉर्टिसॉल बनवते. इपिलिमुमॅबवर पिट्युटरी सुजते तेव्हा साधारण दोन-अडीच महिन्यांत डोकेदुखी सुरू होते, क्वचित नजर धूसर होते. एमआरआयवर ती सूज बहुतेकदा दिसते. आईच्या औषधावर, म्हणजे पेम्ब्रोलिझुमॅबवर, मात्र हा प्रकार चोरपावलांनी येतो: डोकं दुखत नाही, एमआरआय साफ असू शकतो, फक्त तो एक निरोप बंद पडतो. तेही पाच-सहा महिन्यांनी, कधी उपचार संपल्यावरसुद्धा.

आम्हाला सातव्या महिन्यात, पाऊस सुरू झाल्यावर. आई ताटावरून उठायची. मासळीचा वास नको म्हणायची, आणि आमच्या आईला मासळी नको म्हणजे काय ते कोकणातल्या माणसालाच कळेल. उभी राहिली की डोळ्यांपुढे अंधारी. टीएसएच थोडं वाढलेलं आलं. जवळच्या एका डॉक्टरांनी थायरॉईडची गोळी ५० ची १०० केली. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. पाचव्या दिवशी तिला उलट्या सुरू झाल्या आणि बाथरूमच्या दारात ती खाली बसली. कॅज्युअल्टीत बीपी ८४/५०, सोडियम १२१, दोन्ही फार खाली.

झालं असं होतं: कॉर्टिसॉल कमी असलं की टीएसएच आपोआप थोडं वर दिसतं. आणि अशा वेळी थायरॉईडचा डोस वाढवला की शरीराचा वेग वाढतो, उरलंसुरलं कॉर्टिसॉल लवकर संपतं आणि माणूस कोसळतो. म्हणून हा क्रम पाठच करा: आधी स्टेरॉइड, मग थायरॉईड. इम्युनोथेरपीवर असलेल्या थकलेल्या पेशंटला कुणी थायरॉईडची गोळी सुरू करत असेल किंवा वाढवत असेल, तर एकच प्रश्न विचारा: "डॉक्टर, सकाळचं कॉर्टिसॉल बघितलं का?" उद्धटपणा वाटेल. वाटू द्या.

त्या रात्री ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी कॉर्टिसॉलसाठी रक्त काढलं आणि रिपोर्टची वाट न बघता हायड्रोकॉर्टिसोनचं १०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन दिलं, सोबत सलाईन. हीच बरोबर पद्धत आहे. सकाळी आईने उशी मागे घेतली, उठून बसली आणि विचारलं, "इथे चहा किती वाजता देतात?" रिपोर्ट दुपारी आला: १.१. साधारण ३ मायक्रोग्रॅमच्या खाली असलं की कमतरता जवळपास पक्की, १५-१८ च्या वर असलं की काळजी नाही, मधे असलं तर इंजेक्शन देऊन आणखी एक चाचणी करतात.

ही लक्षणं एकत्र दिसली की दुसऱ्याच सकाळी कॉर्टिसॉल, सोडियम, पोटॅशियम: रोजच्यापेक्षा वेगळा, उतरता थकवा, भूक पार जाणं, उभं राहताना चक्कर, मळमळ, बीपीची गोळी न वाढवताही बीपी खाली खाली येणं. बीपीचं मशीन घरी असू द्या आणि एकदा बसून, एकदा उभं राहून मोजा. बिघाड थेट ॲड्रिनलमध्येच असेल (हा प्रकार विरळा) तर पोटॅशियम वाढतं, त्वचा आणि हिरड्या काळवंडतात, आणि आणखी एक गोळी, फ्लुड्रोकॉर्टिसोन, लागते.

यावरचा रोजचा उपाय साधा आहे: हायड्रोकॉर्टिसोन, दिवसाला साधारण १५ ते २५ मिलिग्रॅम, दोन-तीन भागांत, त्यातला मोठा भाग सकाळी उठल्या उठल्या. "स्टेरॉइड" ऐकून नातेवाईक दचकतात. आमच्या आत्याने "हळूहळू बंद कर ते" असा सल्ला फोनवर तीनदा दिला. ही गोळी बंद करायची नसते. शरीर जे स्वतः बनवत होतं तेच आपण देतोय, वर काही नाही. दुकानात मात्र ती सहज मिळेलच असं नाही. मी ऐरोली आणि ठाण्यात मिळून तीन केमिस्ट धरून ठेवलेत, आणि डबीत पंधरा दिवसांच्या गोळ्या उरल्या की पुढची मागवतो.

आजारपणाचे नियम डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. सहसा ते असे असतात: ताप आला तर डोस दुप्पट, जास्त ताप असेल तर तिप्पट, दोन-तीन दिवस, मग पुन्हा नेहमीचा. गोळी घेतल्यावर अर्ध्या तासात उलटी झाली तर परत एकदा द्यायची. तीही पडली तर घरी थांबायचं नाही, इंजेक्शनसाठी निघायचं. दात काढणं असो की ऑपरेशन, आधी सांगायचं.

शुगर: इथे दिवस नाही, तास मोजा

शंभरात सुमारे एकाला होतं, पण होतं तेव्हा झपाट्याने. प्रतिकारशक्ती इन्सुलिनच्या पेशी संपवते आणि आठवड्याभरापूर्वी नॉर्मल असलेली शुगर चारशे-पाचशेवर जाते. डे-केअरमध्ये आईच्या शेजारच्या खाटेवर एक आजोबा असायचे. एका सायकलला ते आले नाहीत. पुढच्या वेळी त्यांची सून सांगत होती, दोन दिवस नुसतं पाणी पाणी करत होते, घरच्यांना वाटलं मे महिना आहे. तिसऱ्या दिवशी श्वास जोरजोरात चालू झाला आणि थेट आयसीयू.

त्याला कीटोॲसिडोसिस म्हणतात: इन्सुलिन नसल्याने रक्तात कीटोन नावाची आम्लं साचतात. निम्म्याहून जास्त पेशंटमध्ये या मधुमेहाची ओळखच त्यातून होते. खूप तहान, सारखी लघवी, पोटात दुखणं, उलट्या, खोल आणि भरभर श्वास, श्वासाला पिकलेल्या फळासारखा वास, गुंगी. एचबीए१सीवर इथे विसंबू नका. तो तीन महिन्यांची सरासरी सांगतो आणि हा प्रकार काही दिवसांत घडतो.

ग्लुकोमीटर घ्या, घरात मधुमेह नसला तरी. सोबत लघवीतल्या कीटोनच्या पट्ट्या. प्रत्येक डोसआधी लॅबमध्ये शुगर, आणि वरचं एकही लक्षण दिसलं तर घरी लगेच बोटातून. २५० च्या वर आली तर त्याच दिवशी ऑन्कॉलॉजीला फोन. कीटोन निघाले किंवा उलट्या, धाप असेल तर फोनही नको, थेट कॅज्युअल्टी. इथे मेटफॉर्मिन देऊन "आठवड्याने बघू" चालत नाही. इन्सुलिनच लागतं, आणि बहुतेकांना जन्मभर. भूक नाही म्हणून इन्सुलिन पूर्ण बंद करणं ही घरोघरी होणारी चूक. डोस कमी-जास्त विचारून करा, पण बंद नाही.

डापाग्लिफ्लोझिन-एम्पाग्लिफ्लोझिनचा धोका आता सांगतो. ही औषधं लघवीवाटे साखर काढून टाकतात, त्यामुळे इन्सुलिन संपलेलं असतानाही मीटरवर आकडा फार वाढलेला दिसत नाही आणि आत मात्र कीटोन साचत जातात. ती चालू असतील तर शुगर १८० दिसली तरी उलट्या-धाप असताना कीटोन बघाच.

सगळीच वाढलेली शुगर या प्रकारची नसते. दुसऱ्या कुठल्या त्रासासाठी प्रेडनिसोलोन चालू असेल तर त्याने दुपार-संध्याकाळची शुगर चढते आणि स्टेरॉइड उतरलं की उतरते. दोन्हींतला फरक सी-पेप्टाइड या तपासणीने कळतो: ते तळाला गेलं असेल तर स्वादुपिंडच रिकामं झालंय.

आणखी एक दुर्मिळ गोष्ट, एका ओळीत: ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या, हातपायांत पेटके आले तर कॅल्शियम तपासा.

कॅज्युअल्टीच्या दारात

"कॅन्सर पेशंट आहे, किमो चालू आहे" असं म्हणू नका. किमो म्हटलं की सगळे पांढऱ्या पेशी आणि इन्फेक्शन शोधायला लागतात. म्हणा: "इम्युनोथेरपी चालू आहे, पेम्ब्रोलिझुमॅब, शेवटचा डोस अमुक तारखेला. कॉर्टिसॉल आणि शुगर बघाल का?" बोलताना गडबड होते म्हणून मी हे एका कार्डावर मराठीत आणि इंग्रजीत लिहून लॅमिनेट करून घेतलंय. त्यावर औषधाचं नाव, ऑन्कॉलॉजिस्ट आणि एंडोक्रायनॉलॉजिस्ट (हार्मोनचे डॉक्टर) यांचे नंबर, आणि ठळक ओळ: कॉर्टिसॉलची कमतरता आहे, कोसळल्यास हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅम ताबडतोब. एक कार्ड आईच्या पर्समध्ये, एक फ्रिजवर, फोटो सगळ्यांच्या मोबाइलमध्ये. गाडी नसेल तर १०८.

उपचार संपल्यावर कार्ड फेकू नका. हे त्रास शेवटच्या डोसनंतर काही महिन्यांनीही उगवतात. तोवर आपण निर्धास्त झालेलो असतो आणि नवा डॉक्टर "आता काही चालू नाही ना" एवढंच विचारतो.

गावी जाताना

गणपतीला आई कणकवलीला जाणारच होती, त्यावर चर्चा नव्हती. एंडोक्रायनॉलॉजिस्टनीच यादी दिली: गोळ्या लागतील त्याच्या दुप्पट, आणि निम्म्या एका बॅगेत, निम्म्या दुसऱ्या, हायड्रोकॉर्टिसोनच्या इंजेक्शनची एक कुपी, सिरिंज आणि सोबत डॉक्टरांची चिठ्ठी, ओआरएसची पाकिटं, ग्लुकोमीटर. इंजेक्शन स्नायूत कसं द्यायचं ते डे-केअरच्या सिस्टरनी मला आणि बायकोला संत्र्यावर शिकवलं. ज्यांना इन्सुलिन आहे त्यांनी ते गाडीत डॅशबोर्डवर ठेवू नये, थर्मासमध्ये ठेवावं. रस्त्यात कुठल्या गावाला चोवीस तास उघडं हॉस्पिटल आहे ते मी निघायच्या आदल्या रात्री फोन करून विचारून घेतलं. चिपळूण आणि कणकवली, दोन नंबर कार्डाच्या मागे लिहिले.

रात्रीच्या गाडीने जायचं असल्यामुळे सकाळची गोळी पनवेल सोडल्यावर किती वाजता, हा प्रश्न आईनेच काढला. थायरॉईडची तीनला, बाथरूमला उठेन तेव्हा. हायड्रोकॉर्टिसोनची उजाडल्यावर. "आणि चहा," ती म्हणाली, "चिपळूणला."